टेलच्या माणसाची खुर्ची

कन्हेरीच्या मारुतीपुढे नारळ फुटला की बारामतीतला प्रचार सुरू झाला, असे गावोगाव धरले जाते. पवार कुटुंबातल्या उमेदवारांनी प्रचाराचा पहिला नारळ इथे फोडण्याची रीत पाडली. 2024 च्या निवडणुकांत घर दोन बाजूंना उभे होते, तेव्हाही दोन्हीकडच्या मंडळींनी हे देऊळ सोडले नाही. या रीतीत श्रद्धा आहे आणि व्यवहारही आहे. मांडवात खाली बसलेल्या बाईकडे एक मत आहे. नेता राज्यातला कितीही मोठा असो, ठरावीक वर्षांनी त्याला तिच्यापुढे यावे लागते. मागच्या वेळी आपण काय बोललो ते तिला आठवत असणार, हे मनात धरून बोलावे लागते.

त्याच बाईचा मुलगा एखाद्या ट्रस्टच्या वसतिगृहात राहून शिकतो. सून एखाद्या प्रतिष्ठानच्या शिवणवर्गाला जाते. सासऱ्याचा मोतीबिंदू कुठल्याशा फाउंडेशनच्या शिबिरात निघतो. बारामती तर संस्थांचाच तालुका. 1971 मध्ये अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला, पुढच्या वर्षी विद्या प्रतिष्ठान. पाझर तलाव, ठिबक, कृषी विज्ञान केंद्र, महाविद्यालये अशी कामे संस्थांच्या वाटेने इथे आली आणि ती डोळ्यांना दिसतात. त्यांच्या मागोमाग लहानमोठी मंडळे, न्यास, प्रतिष्ठाने निघाली. कुठल्या एका संस्थेचा हिशेब मांडायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न सगळ्यांनाच आहे, आणि ज्या संस्थांत मी स्वतः बसलो त्यांनाही आहे. ज्या बाईच्या नावाने ही कामे चालतात, ती बाई निर्णय घेणाऱ्या मंडळात कुठे आहे? आमदाराला, सरपंचाला ती पाडू शकते. तिच्या मुलाचे वसतिगृह कधी बंद करायचे हे ठरवणाऱ्या सात विश्वस्तांपुढे मात्र तिच्याकडे काहीच नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. ज्यांच्यासाठी संस्था आहे, त्या माणसांची संख्या तिच्या निर्णय घेणाऱ्या मंडळात इतकी असली पाहिजे, की त्यांना न पटलेला ठराव सहजासहजी मंजूर होऊ नये. सल्लागार समिती, लाभार्थी मेळावा, वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ, यांतले काहीही त्या जागेची भरपाई करू शकत नाही.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला हे पुस्तकातून समजावावे लागणार नाही. त्याच्या रानाशेजारून नीरा डावा कालवा जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी काढलेला हा कालवा पुरंदरकडून बारामतीत येतो आणि पुढे इंदापूर तालुक्यात जातो. ज्याचे रान हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, त्याच्या उसाला पाण्याचे आवर्तन चुकत नाही. टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, माणूस मात्र रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतो, वर कोणी दार मोडले का ते पाहत. त्याच्या दारापर्यंत पाणी येईतो आवर्तन संपलेले असते. हेडचा शेतकरी दुष्ट असतो असे नाही. तो टेलच्या शेतकऱ्याचा मेहुणा असेल, त्याच्या लेकीच्या लग्नात पंगत वाढणारा असेल. पण पाणी समोरून वाहताना, खाली कोणाचे काय वाळते आहे ते त्याला दिसत नाही. हेडची माणसे एकत्र बसून पाण्याचे वाटप ठरवू लागली, तर सगळ्यांच्या मनात चांगुलपणा असूनही टेल कोरडे राहते.

महाराष्ट्राने ही गोष्ट कायद्यात ओळखली. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणाऱ्या 2005 च्या अधिनियमाने पाणी वापर संस्थेच्या व्यवस्थापन समितीत शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारख्या जागा दिल्या, आणि अध्यक्षपदही या भागांत आळीपाळीने फिरेल अशी तजवीज केली. टेलच्या माणसाला समितीत घेणे हे त्याच्यावर उपकार म्हणून लिहिलेले नाही. त्याच्याशिवाय समितीला कालव्याच्या शेवटच्या टोकाचे ज्ञानच असणार नाही, म्हणून ते लिहिले आहे. ही तरतूद किती ठिकाणी नीट पाळली जाते हा वेगळा आणि कडू विषय आहे, पण तत्त्व म्हणून मला ते महाराष्ट्राच्या कायद्यांतल्या सर्वांत शहाण्या कलमांपैकी एक वाटते.

सार्वजनिक न्यासांच्या बाबतीत मात्र आपण 1950 मध्येच थांबलो. त्या वर्षीच्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे नाव पुढे महाराष्ट्राचे झाले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, हिशेब तपासून घ्यायचे, जमीन विकायची तर परवानगी घ्यायची, हे सगळे त्यात आहे. विश्वस्त कोण असावा याबद्दल कायदा गप्प आहे. तो संस्थापकाचा मुलगा असू शकतो, जावई असू शकतो, तहहयात असू शकतो. ज्या वस्तीसाठी संस्था काढली त्या वस्तीत त्याने आयुष्यात पाऊल टाकलेले नसले तरी बदल अर्ज मंजूर होतो. याच कायद्यात ‘हितसंबंधी व्यक्ती’ अशी एक व्याख्या आहे आणि तिच्यात लाभार्थी येतो. म्हणजे कारभार बिघडला तर धर्मादाय आयुक्तांकडे जाण्याची वाट त्याला मोकळी आहे. कारभार बिघडण्याआधी त्याला विचारण्याची सोय कुठेच नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक सांगितले, निम्म्या बायका सांगितल्या, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा सांगितल्या. सहकार कायद्याने संचालक मंडळाला एकवीसची मर्यादा घालून त्यात दोन महिलांना, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांना राखीव जागा ठेवल्या. ग्रामपंचायतीत तर निम्म्या जागा बायकांच्या आहेत. लोकांचे भले करायचे हाच ज्यांचा घोषित उद्देश, त्या संस्थाच या सगळ्या विचारातून सुटल्या आहेत.

आता एक अनुभव. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही काळ होतो. हंगामात कारखान्याच्या तळावर पाळणाघर काढायचे ठरले. पैसे होते, मनापासून काम करणारी माणसे होती. आम्ही अंगणवाडीच्या वेळा पाहिल्या, सेविकेच्या येण्याजाण्याचा विचार केला आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी वेळ ठरवली. ठराव एकमताने झाला. पहिल्या आठवड्यात चार मुले आली, दुसऱ्या आठवड्यात तीन. आयाबायांना मुलांची किंमत कळत नाही, त्यांचे प्रबोधन करायला हवे, असे पुढच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि प्रबोधनासाठी खर्चाची तरतूद करायचे ठरू लागले. चहा घेऊन आलेली स्वयंपाकीण बाई दारातच थांबली होती. ती स्वतः दहा हंगाम कोयता घेऊन गेलेली. ती म्हणाली, “दादा, पहाटं चारला टायरगाडी फडात जाती. नऊपर्यंत पोर कुणापाशी ठिवायचं?”

आम्ही अकरा जण होतो. त्यांत दोन डॉक्टर, एक वकील, दोन निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येकाने आयुष्यात काही ना काही चांगले काम केलेले. ऊसतोडीची बाई किती वाजता उठते हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हते, आणि ते माहीत नाही हेही माहीत नव्हते. पाळणाघराची वेळ पहाटे साडेतीन झाली, तळावरच्याच एका म्हाताऱ्या बाईला मानधन देऊन बसवले आणि कोपीकोपीतून मुले आली. त्या स्वयंपाकीण बाईला आम्ही पुढच्या सभेला बोलावून तिचा सत्कार केला. कार्यकारिणीवर घेतले नाही. ते कोणाच्या मनातही आले नाही, माझ्याही नाही, आणि त्याची मला आजवर लाज वाटते.

हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. उलट, हिंदुस्थानात तो सर्वांत धारदारपणे इथेच झाला. 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर अशी बडी नावे होती. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांच्या पैशाची, प्रतिष्ठेची गरज होती आणि ती त्यांनी मोकळेपणाने घेतली. पण रोजचा कारभार चालवणाऱ्या व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर होते. मान पाहुण्यांकडे आणि किल्ल्या घरच्यांकडे, अशी ती रचना होती. सभेने पुढच्या वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले, ते कुठे लागते आहे हे ज्यांना भोगून माहीत होते त्यांच्या निर्णयाने.

आठ वर्षांनी दुसरी संस्था निघाली. 24 सप्टेंबर 1932 ला येरवड्यात पुणे करार झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत अस्पृश्यतानिवारणासाठी अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबाप्पा चिटणीस. नोव्हेंबरमध्ये लंडनला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना सविस्तर पत्र लिहिले. संघाने काय करावे हे त्यात होतेच, आणि काम करणारी माणसे अस्पृश्य समाजातूनच घ्यावीत, कारण ती जीव ओतून करतील, हेही होते. त्या पत्राला उत्तर आले नाही, असे त्यांनी पुढे 1945 च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. सुरुवातीला ते संघाच्या मध्यवर्ती मंडळावर होते. नंतर ते बाहेर पडले.

संघामागे उभ्या असलेल्या गांधीजींची बाजू हलक्याने घेण्यासारखी नाही. त्यांचे म्हणणे असे, की हा संघ सवर्णांच्या प्रायश्चित्तासाठी आहे. कर्ज सवर्णांनी केले आहे, ते त्यांनीच फेडायचे. मग कर्जदारांच्या मंडळात सावकाराने कशाला बसावे? अस्पृश्यांनी आपली सल्लागार मंडळे काढावीत आणि काम तपासावे. या युक्तिवादात नैतिक बळ आहे, आणि अनेक भल्या विश्वस्तांच्या मनात आजही, नकळत, हाच विचार असतो: आम्ही देणे फेडतो आहोत, घेणाऱ्याने निवांत बसावे. पण कर्ज कोणत्या नाण्यात फेडायचे, आधी शाळा की आधी विहीर, हे देणाराच ठरवू लागला, की तो फेडणारा राहत नाही, पुन्हा मालक होतो. प्रायश्चित्त ही देणाऱ्याच्या मनाची गरज आहे. टेलच्या रानाची गरज पाणी ही आहे. या वादात बाबासाहेब बरोबर होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि नव्वद वर्षांनंतरही बहुतेक संस्था हरिजन सेवक संघाच्या घडणीच्या आहेत, हितकारिणी सभेच्या नाहीत.

मंडळात लाभार्थी घ्यायचे म्हटले की पहिला आक्षेप पात्रतेचा येतो. ताळेबंद वाचता येईल का? कायदा कळेल का? बारामतीपासून दूर नसलेल्या माणदेशात याचे उत्तर आहे. म्हसवडच्या बायकांनी कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांत निरक्षर, अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. बायका अक्षरे शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. हिशेब त्यांना येतच होता, कागदाची भाषा येत नव्हती. आणि कागदाची भाषा बदलणे मंडळाच्या हातात असते. अजेंडा इंग्रजीत काढायचा आणि मग समोरच्याला कळत नाही म्हणायचे, हा अपात्रतेचा पुरावा कसा होईल?

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. संस्थेकडून ज्याला मिळते, तोच वाटणारा कसा? हा आक्षेप ज्या भागात माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे छत्रपती असे तीन-तीन सहकारी साखर कारखाने आहेत, त्या भागात तरी ऐकू येऊ नये. कारखान्याच्या संचालकाचा ऊस त्याच कारखान्याला जातो. तिथे ती पात्रता मानली जाते, आणि रास्तच आहे: भाव पडला तर ज्याचे पोट जळते त्याने मंडळात बसावे, हीच सहकाराची मूळ कल्पना. स्वतःच्या मुलाच्या अर्जाचा विषय निघाला की त्या सदस्याने उठून बाहेर जावे, एवढा साधा नियम पुरेसा आहे. ज्याचे नातेवाईक बांधकामाचे कंत्राट घेतात, त्या विश्वस्तालाही तो नियम तितकाच लागू करावा.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. प्रतिनिधी म्हणून कोण येणार? ऊसतोड मजुरांचा प्रतिनिधी हवा असे जाहीर केले, तर दारात पहिला येईल तो मजूर पुरवणारा मुकादम. तो बीडकडच्या त्याच गावचा असतो, त्याच जातीचा असतो, बोलका असतो, त्याच्याकडे मोटारसायकल असते. आणि आगाऊ उचल देऊन कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोडप्यांना, बांधून ठेवणाराही तोच असतो. त्याला खुर्ची दिली की कागदोपत्री प्रतिनिधित्व पूर्ण होते आणि मजुराच्या डोक्यावर आणखी एक मालक बसतो. सरपंचपतीची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रोसिडिंगवर आईच्या सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, हेही कोणापासून लपलेले नाही. समाज म्हणजे एक सपाट रान नव्हे, त्यालाही हेड आहे आणि टेल आहे.

म्हणून एकट्या माणसाला घेऊन काही साधत नाही. अकरा जणांत एकटी बसलेली बाई एक तर गप्प बसते, नाहीतर वर्षभरात बाकीच्या दहांसारखे बोलायला शिकते. दोघीतिघी असल्या की त्या एकमेकींकडे पाहतात, आणि पहिला नकार तिथून निघतो. मुदत तीन वर्षांची असावी, खुर्ची फिरती असावी. निवड संस्थापकाने करू नये, त्या त्या गटाने बसून करावी, आणि ज्याच्याकडे गटातल्यांचे पैसे अडकलेले आहेत तो उमेदवार नसावा. मुकादमाला अडवायला हे पुरेल का? प्रत्येक वेळी पुरणार नाही. पण ग्रामपंचायतीत पहिल्या फेरीला नवऱ्याच्या सांगण्यावरून बसलेल्या कितीतरी बाया पुढे स्वतः बोलू लागल्या. खुर्चीच नसती तर त्यांना शिकायला जागाही मिळाली नसती.

पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीकडे पाहा. कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये काम करायला गेलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांपुढे सरळ मार्ग होता: या बायकांना या घाणीतून काढून दुसरा धंदा द्यायचा. बायकांचे म्हणणे वेगळे होते. धंदा त्यांना सोडायचा नव्हता, उकिरड्यावर न वाकता वेगळा केलेला कचरा हातात यावा एवढेच हवे होते. 1993 मध्ये बाबा आढावांच्या साथीने त्यांची पंचायत उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था. पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याची पद्धत त्या बायकांच्या म्हणण्यातून आली. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने तर उद्धार करायला येणाऱ्यांपासूनच आम्हाला सोडवा अशी भूमिका जगापुढे मांडली. ती ऐकायला बोचते, पण कुठल्याही संस्थेच्या पहिल्या सभेत तिच्यावर तासभर बोलायला हवे.

बाहेरच्या जगात हे कायद्याने केलेले आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य त्याच केंद्रात उपचार घेणारे असावे लागतात. एकावन्न टक्के. तिथले दवाखाने त्यामुळे बुडालेले नाहीत.

आपल्याकडे कायदा कधी बदलेल ते सांगता येत नाही, आणि त्याची वाट पाहायची गरजही नाही. संस्थेची घटना दुरुस्त करायला आजही कोणी अडवत नाही. मात्र खुर्चीबरोबर काही खर्च येतो तो मान्य करावा लागेल. पुण्याच्या हॉटेलात सकाळी अकराला सभा ठेवली, तर मजूर बाईचा दिवस बुडतो. तिची रोजंदारी आणि एसटीचे भाडे संस्थेने द्यायचे, मानधन म्हणून मिरवत नव्हे, तर इतरांना चहा-जेवण देतो तितक्या सहजपणे. सभा गावात, कामानंतर. जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवायचा, मराठीत, आणि प्रश्न येईपर्यंत थांबायचे. सीएसआरचा पैसा देणाऱ्या कंपन्या छत्तीस कागद मागतात. मंडळात लाभार्थी किती, हा सदतिसावा कागद त्यांनी मागितला, तर पुष्कळ घटना वर्षभरात दुरुस्त होतील.

कन्हेरीला लागूनच काटेवाडी आहे. आषाढीला तुकोबांची पालखी तिथे येते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगरांच्या मेंढ्यांचे रिंगण पालखीभोवती होते. हा मान त्यांना दरवर्षी कोणी कमिटी बहाल करत नाही. तो त्यांचा आहे, सगळे त्यासाठी थांबतात. वर्षातला एक दिवस का होईना, कोणाची जागा कुठली हे इथल्या मातीला कळते.

तुम्ही कुठल्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर पुढच्या सभेची नोटीस काढण्याआधी एक करा. प्रोसिडिंग बुक उघडा, गेल्या तीन वर्षांत सही केलेल्या सदस्यांची नावे पाहा आणि त्यांतल्या किती जणांच्या घरी तुमच्या संस्थेचे काम पोचते ते मोजा. एकही निघाला नाही, तर घटनादुरुस्तीचा विषय याच नोटिशीत घाला.